बरणीतलं वाण

"आधी खडे, मग कोळसा, मग जाळी, मग माती. वीणा, तू तिसऱ्यांदा चुकलीस," असं म्हणत शैलाताईंनी माझ्या हातातली काचेची बरणी घेतली आणि सरळ परातीत उपडी केली.

माझी अर्ध्या तासाची मेहनत परातीत गेली. मी कपाळाला हात लावला. त्या मात्र तांदूळ निवडावेत तशा माती, कोळसा आणि खडे वेगवेगळे करत बसल्या.

"एवढं काय बिघडतंय, ताई? वरून तर सारखंच दिसणार."

"वरून दिसतं सारखं. महिन्याभराने वास येतो," त्या म्हणाल्या. "झाकण लावलेल्या बरणीत पाण्याला पळायला वाट नसते. खाली खडे नसले की ते मुळांशी साचतं, कोळसा नसला की कुबट होतं. तुला घाई असेल तर आत जाऊन भाजी टाक. हे माझं मी करते."

मी आत जाऊन भाजी टाकली. खरं तर मला तेच हवं होतं.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट, सांगलीतल्या आमच्या घरातली. शैलाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, त्याआधी तीन वर्षं अचानक गेले होते. मूलबाळ नव्हतं. लग्नाआधी त्या वनस्पतीशास्त्र घेऊन बीएस्सी झालेल्या. पण आमच्या घरात त्या ज्ञानाचा उपयोग कढीलिंबाला कीड का लागली एवढं सांगण्यापुरताच व्हायचा. एकदा कुठल्याशा मासिकात टेरॅरियमचा फोटो बघून त्यांनी मुरंब्याच्या बरणीत तसलं काहीतरी करून ठेवलं. बोटभर नेचा, खाली मखमलीसारखं शेवाळ, गुलाबी शिरांची दोन बुटकी झाडं आणि वरून घट्ट झाकण. आठ महिने ती बरणी त्यांच्या खोलीत होती. कुणी पाणी घातलं नाही, तरी आतलं एक पान सुकलं नव्हतं.

ती बरणी बघून माझ्या डोक्यात किडा शिरला. आदल्या संक्रांतीला मी वाण म्हणून प्लॅस्टिकच्या चहागाळण्या लुटल्या होत्या, आणि आमच्या महिला मंडळातल्या बायकांनी वर्षभर माझी टर उडवली होती. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बिरनाळेआक्का तर भर बैठकीत म्हणाल्या होत्या, "गाळणी दिलीस, आता चहाबी कधी देतीस?" मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. यंदा सगळ्यांची तोंडं बंद करील असं वाण द्यायचं, हे मी दिवाळीतच ठरवलं होतं. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने जुना माल म्हणून काढलेल्या पंचेचाळीस बरण्या मी उचलून आणल्या आणि शैलाताईंच्या पुढ्यात ठेवल्या.

त्यांनी लगेच कामाला सुरुवात केली. कोळसा इस्त्रीवाल्याकडून आणला. शेवाळ नदीच्या घाटाच्या पायऱ्यांवरून स्वतः खरवडून आणलं. विणकामाच्या सुईला चमचा बांधून त्या बरणीच्या तोंडातून आत एकेक रोप बसवत. मग कपड्यांवर पाणी मारायच्या फवाऱ्याने चार शिंतोडे, आणि झाकण. झाकण लावल्यावर पंधरा दिवस प्रत्येक बरणी सकाळ-दुपार बघायच्या. सकाळी काचेवर दव धरलं आणि दुपारपर्यंत विरलं, तर बरणी निरोगी. दिवसभर धुकं राहिलं, तर झाकण तासभर उघडायचं. पुसायला त्यांचा जुना मऊ पदर. मला इतकं सगळं सांगता येतंय, कारण त्या बोलत असायच्या आणि मी शेजारी वाटाणे सोलत नुसती हूं हूं करत असायची.

एक दिवस बरण्या पुसता पुसता त्या म्हणाल्या, "दादाचा फोन आला होता जतहून. चैत्रात न्यायला येतोय."

मला ते ठाऊक होतं. त्यांच्या वहिनीने अंथरूण धरलेलं, घरात राबायला माणूस हवं होतं. सासूबाईंनीही, तिचं माहेर आहे, जाऊ दे, म्हणून टाकलं होतं.

"तिकडे गेले की मी संपले गं, वीणा," त्या म्हणाल्या. "वहिनीचं करायला माझी ना नाही. पण मग मी तेवढीच उरेन."

मला वाईट वाटलं. अगदी मनापासून वाटलं, ते खोटं नव्हतं. मगदूमबाईंचं नाव मीच काढलं. हेमलता मगदूम आमच्या मंडळाच्या अध्यक्ष. त्यांचे यजमान मिरज रस्त्याला हॉटेल बांधत होते, पाडव्याला उद्घाटन होतं. झाडांची सजावट बघायला कुणीतरी जाणकार बाई हवी, मागे राहायला खोलीही देऊ, असं त्या मंडळात बोलल्या होत्या.

"त्या येणारच आहेत हळदीकुंकवाला," मी म्हटलं. "बरणी हातात पडली की तुम्हाला बाहेर बोलावते आणि सांगते, हे यांनी केलंय."

शैलाताईंनी पुसलेली बरणी खाली ठेवली. "बाहेर नको बोलावूस," त्या म्हणाल्या. "सणासुदीला कुणाच्या कपाळाला आठी नको. मला कुंकूही नको न् वाणही नको. तू नुसतं नाव सांग माझं. बाकी त्या विचारतील तर मी जाऊन भेटेन."

मी सासूबाईंना विचारून घेतलं. त्या माळ ओढत होत्या. म्हणाल्या, "तुझं हळदीकुंकू, तुझं तू ठरव. माझी आडकाठी नाही."

त्यामुळे पुढे जे झालं, ते सासूबाईंच्या माथी मारायची सोय मला पहिल्यापासून नव्हती.

शुक्रवारी संध्याकाळी पाचला बायका यायला लागल्या. मी काळी चंद्रकळा नेसले होते. बैठकीत एका अंगाला फळ्या लावून पंचेचाळीस बरण्या मांडल्या होत्या, वर पांढरी चादर. शैलाताई स्वयंपाकघरात मसाल्याचं दूध आटवत होत्या. मध्ये नुसता पडदा. अत्तर, गुलाबपाणी, तिळगूळ झाल्यावर मी चादर काढली.

एवढ्या बायका एका वेळी गप्प झालेल्या मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. मग एकदम गलका झाला. कुणी बरणी डोळ्यांशी धरली, कुणी पोरीला दाखवली. आतून हिरव्या दिसणाऱ्या बरण्यांनी आमची बैठक बदलून गेली होती. मगदूमबाईंनी एक बरणी उजेडाकडे फिरवून नीट बघितली आणि विचारलं, "वीणा, हे तू केलंस?"

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की तिथे आक्का बसल्या होत्या, विधवेच्या हातचं म्हटलं असतं तर निम्म्या बायकांनी वाण खाली ठेवलं असतं, म्हणून मी तसं बोलले. पण ते खरं नाही. आक्का तोवर बोलल्याही नव्हत्या. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, आणि गेल्या वर्षी याच बायका मला हसल्या होत्या. एवढंच झालं.

"हो," मी म्हटलं. "दोन महिने खपत होते."

पडद्याआड पळी भांड्यात फिरत होती, ती फिरतच राहिली.

"कमाल आहे हं तुझी," मगदूमबाई म्हणाल्या. "आणि काचेला हे पाणी कसलं गं?"

मला उत्तर येत नव्हतं. "दूध उतू जाईल, आलेच," म्हणून मी आत पळाले. शैलाताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी ऐकलं होतं की नाही, ते चेहऱ्यावरून कळेना.

"काचेवरचं पाणी विचारतायत," मी कुजबुजले.

"झाडांचंच ते. पानांतून वर चढतं, काचेवरून खाली उतरतं, पुन्हा मुळांना मिळतं," त्या तितक्याच हळू म्हणाल्या. "नीट सांग सगळ्यांना. वरून पाणी घालायचं नाही, महिना दोन महिने तरी नाही. आणि ऊन अजिबात नको, खिडकीचा उजेड पुरे. बंद बरणी उन्हात ठेवली तर आत शिजून निघेल. एवढं सांगच."

"सांगते."

"नाव सांगितलंस?"

"गर्दी ओसरू दे जरा," मी म्हटलं आणि दुधाचा ट्रे उचलला.

बाहेर येऊन मी पोपटासारखं म्हणून दाखवलं. वर चढतं, खाली उतरतं. बायकांनी माना डोलावल्या. मगदूमबाई तर खूश झाल्या, "तू तर अगदी प्रोफेसरबाई झालीस," म्हणाल्या. मी पुढे म्हटलं, "आणि याला पाणी घालायचं नाही, ऊन दाखवायचं नाही."

तेव्हा कोपऱ्यातून आक्का बोलल्या.

"पाणी घालायचं न्हाई म्हंजे?" त्यांनी बरणी मांडीवर ठेवली. "सवाष्णीनं सवाष्णीला दिल्यालं झाड. त्याचं पाणी तोडायचं? आन् संक्रांत कुणाची असती गं? सूर्याची. त्या सूर्याच्या सणाला दिल्यालं वाण अंधारात कोंडायचं? हे कसलं वाण म्हणायचं?"

दोघी-तिघींनी आपापल्या बरण्यांकडे वेगळ्याच नजरेने पाहिलं. एकीने तर हळूच खाली ठेवली. इतका वेळ चाललेलं कौतुक आता हातातून जातंय असं वाटलं, आणि मी हसून म्हणाले, "तसं नाही हो आक्का. रोज चमचाभर घाला की पाणी, तुळशीला घालतो तसं. आणि रथसप्तमीला अंगणात दूध उतू घालवतो ना, तेव्हा ही पण ठेवायची उन्हात. दिवसभर. सूर्यनारायणाला दाखवायची."

"आता कसं बोललीस," आक्का म्हणाल्या. खाली ठेवलेली बरणी पुन्हा उचलली गेली.

पडद्याआडची पळी आता थांबली होती. पडद्याशी खुर्ची टाकून सासूबाई बसल्या होत्या. आत मी काय ऐकलं आणि बाहेर काय बोलले, हे दोन्ही त्यांच्या कानांवर गेलं होतं.

निघताना मगदूमबाई माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "सोमवारी घरी ये. हॉटेलचं काम तूच बघ. खोलीची तुला गरज नाही, पण काम घे." मी हो म्हटलं. नाव सांगायला तीही वेळ चांगली होती. दारात आम्ही दोघीच होतो.

सगळ्या गेल्यावर शैलाताई खरकटे पेले गोळा करायला बाहेर आल्या. "चुकीचं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "रथसप्तमीला अजून बारा दिवस आहेत. फोन करून सांग सगळ्यांना. सगळ्या मरतील."

"करते उद्या."

"आणि मगदूमबाई काय म्हणाल्या?"

"विचार करून कळवते म्हणाल्या."

त्यांनी मान हलवली. मग पेले घेऊन त्या मोरीवर गेल्या.

फोन मी केला नाही. रोज सकाळी उठून आज करीन म्हणायचे. पण फोन करायचा म्हणजे मी चुकले असं पंचेचाळीस जणींना सांगायचं. त्यातून एखादी विचारणार, मग तू केलंस ना हे, तुला कसं माहीत नाही? सोमवारी मी मगदूमबाईंकडे जाऊन चहा पिऊन आले, साठ बरण्यांचं ठरवून आले. शैलाताईंना सांगितलं, मैत्रिणीकडे बारसं होतं. त्या बरण्या शेवटी त्यांनीच करायच्या आणि हॉटेलात मी न्यायच्या, असा माझा बेत होता. त्यांना जतला न पाठवायचं कारण सापडेल, म्हणजे त्यांचंही भलं होईल, असंही मी मनाला समजावलं होतं. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवतो.

रथसप्तमीला लख्ख ऊन पडलं. आमच्या अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू गेलं. गल्लीत दारोदारी रांगोळीचे रथ होते आणि पायरी-पायरीवर, कठड्या-कठड्यावर माझ्या बरण्या ठेवलेल्या होत्या. आतून त्या इतक्या धुरकटल्या होत्या की आतलं काही दिसत नव्हतं. शैलाताई फाटकापाशी उभ्या राहून बघत होत्या. समोरच्या घरी जाऊन त्यांनी एक बरणी सावलीत सरकवली. आतून कुणीतरी म्हणालं, "अहो, राहू द्या, आज तुम्ही नका हात लावू." त्या परत आल्या.

दोन दिवसांनी पहिली बरणी परत आली. आत शिजलेल्या पालकासारखा काळपट गोळा, आणि झाकण काढलं की नाल्यासारखा वास. मग रीघच लागली. कुणी पिशवीत घालून, कुणी नाकाला पदर लावून. सणाचं वाण सप्तमीला मेलं, याचा घोर सगळ्यांना लागला होता. एकीच्या सुनेला दिवस गेले होते, तिला तर रडू आवरेना. रविवारी सकाळी आक्का आणि मगदूमबाई एकदमच आल्या. आणखी सात-आठ जणी होत्या, सुनेसाठी रडणारी ती बाईही त्यांत होती. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या. शैलाताईंनी चहा टाकला होता.

"मी फेकून दिलं असतं गं," मगदूमबाई म्हणाल्या, "पण हॉटेलात असं झालं तर? तू सांगितलंस तसंच केलं सगळ्यांनी. मग हे झालं कसं?"

सांगायला अगदी सोपं होतं. मी चुकीचं सांगितलं, ऊन नको होतं, पाणी नको होतं. दोन वाक्यं. बायका रागावल्या असत्या, हसल्या असत्या, वर्षभर टर उडवली असती. आक्का माझ्याकडे टक लावून बघत होत्या.

"आता लपवून काय करायचं," मी म्हटलं. "त्या बरण्या माझ्या हातच्या नाहीत. शैलाताईंनी केल्या. मला वाटलं, त्यांचं मन रमेल, म्हणून मी करू दिलं."

त्याच वेळी शैलाताई चहाचा ट्रे घेऊन पडद्यातून बाहेर आल्या. माझ्या तोंडून त्यांचं नाव त्यांनी ऐकलं.

"तरीच," आक्का म्हणाल्या. रागाने नव्हे, कोडं सुटल्यासारखं म्हणाल्या. बाकीच्याही तशाच सैल झाल्या. कुणीतरी सुस्कारा सोडला. रडणाऱ्या बाईने डोळे पुसले.

शैलाताईंनी ट्रे टेबलावर ठेवला, एक बरणी उचलली, बुडाशी बोट लावून पाहिलं. "हे उन्हाचं आहे," त्या म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता. "आणि वरून घातलेल्या पाण्याचं. अकरा महिने माझ्या खोलीत एक बरणी आहे, येऊन बघा. मी वीणाला सांगितलं होतं, ऊन नको म्हणून. आई, तुम्ही तिथेच बसला होतात."

सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या हातातली माळ थांबली. त्यांनी एकदा शैलाताईंकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. चैत्रात एक सून जाणार होती आणि दुसरीच्या हातचं त्यांना मरेपर्यंत खायचं होतं.

"शैला, आत जा," त्या म्हणाल्या.

शैलाताई गेल्या. काही जणींनी चहा घेतलाच नाही. मगदूमबाई निघताना दारात थांबल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी तसलं काही मानत नाही हं, वीणा. तिला हात आहे, कळतं मला. पण हॉटेलात लग्नं व्हायची, बारशी व्हायची. गिऱ्हाईक मानतं. आपण कुंड्याच ठेवू." बाहेर पडताना त्यांनी पडद्याकडे बघितलं नाही.

शैलाताईंनी चैत्राची वाट पाहिली नाही. स्वतःच फोन करून भावाला पुढच्या गुरुवारी बोलावून घेतलं. मला त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत, आणि मला त्याची इतकी भीती वाटत होती की दोन दिवस मी त्यांच्या समोर जायचं टाळत होते. जायच्या आधी त्यांनी परत आलेल्या सगळ्या बरण्या मागच्या पडवीत आणल्या. तीस-बत्तीस असतील. एकेकीतला चिखल काढला, सोडा घालून गरम पाण्याने धुतल्या, वास जाईपर्यंत उन्हात ठेवल्या, पुसल्या आणि झाकणं लावून माळ्यावर रचून ठेवल्या. कुणी सांगितलं नव्हतं. घाण टाकून जायची त्यांची रीतच नव्हती. स्वतःची बरणी तेवढी बरोबर नेली, मांडीवर घेऊन, जीपमध्ये पुढच्या सीटवर.

जतला त्यांनी सहा वर्षं वहिनीचं केलं. वहिनी गेल्या, मग भावाचं केलं. मी एकदाही गेले नाही.

पुढच्या संक्रांतीला काय वाण लुटावं, ते सुचेना. माळ्यावर त्या बरण्या होत्या, नव्यासारख्या लख्ख. मी त्यांत तिळाच्या वड्या भरल्या, झाकणांना लाल फीत बांधली आणि वाटल्या. बायकांना फार आवडल्या. आक्का तर म्हणाल्या, काच कशी आरशासारखी स्वच्छ आहे. धुतल्या कुणी, ते कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.